पुसलेले शोध

"कॉम्प्युटरवर हिनं काय पुसलं, तेवढं काढून द्या. मग हिला आजच कळंबला माहेरी सोडतो," बलभीम म्हणाला.

लोहाऱ्यातल्या त्या घरात खासगी गुप्तहेर योगीराज कॉम्प्युटरपुढं बसला. त्याचा सहायक श्रीशैल मागं उभा होता. भानगड बाहेरच्या माणसाचीच, हे त्यानं मनात ठरवूनही टाकलं होतं.

"हिस्ट्री कोण पुसतं?" योगीराजनं विचारलं.

"मीच," बलभीमची बायको ज्ञानेश्वरी म्हणाली. "का, ते सांगणार न्हाय."

"बघा! वर तोंड करून सांगतीय."

योगीराजनं तिला एक ओळ टाइप करायला लावली. कीबोर्डकडं न बघता तिनं ती झरझर उतरवली. मग त्यानं ब्राउझर तपासला. हिस्ट्री कोरी होती. शोधाच्या पानाला माइकची परवानगी मात्र दिलेली होती.

"बोलून शोधता तुम्ही?"

"मला लिवता येतं की," बलभीम म्हणाला.

मंगळवार होता. त्याची आई गजराबाई जोगव्याला निघाली होती. हातात परडी, कपाळभर कुंकू. कवड्यांची माळ तेवढी देवघरातल्या खिळ्याला होती.

"मावशी, माळ राहिली," योगीराज म्हणाला.

"लई जड व्हतीय, बाबा."

"दसऱ्यापासनं घालत न्हाय," बलभीम म्हणाला. "वय झालं."

"सूनबाईंनी काय टाइप केलंय, वाचता का?" योगीराजनं गजराबाईला विचारलं.

"मला कुठलं वाचाय येतंय!"

"हिचा मोबाइल बघू या?" श्रीशैल कुजबुजला.

"नको." योगीराज गजराबाईपुढं खाली बसला. "मावशी, तुम्ही नको म्हणालात तर मी उठून जातो. सांगू?"

तिनं सुनेकडं पाहिलं. "सांग. पोरीला घराबाहेर काढाय निघालाय त्यो."

"लिहिता येणाऱ्याला माइक लागत नाही. घरात न लिहिणाऱ्या एकट्या मावशी. त्या विचारायच्या, सूनबाई उत्तर वाचून दाखवायच्या आणि पुसायच्या. काय विचारायच्या? माळेशिवाय कुणी जोगव्याला निघत नाही. छातीला तिचा भार सोसत नसेल, तरच ती खिळ्याला राहते. गाठ आहे ना, मावशी?"

गजराबाईनं पदर डोळ्याला लावला. "मीच तिला भवानीची आण घातली. ह्या जागचं दुखणं लेकाला कसं सांगू?"

"दवाखान्यात चला म्हणून रोज पाया पडत व्हते," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"मला एकदा तरी..." बलभीम म्हणाला.

"तुमी काय इचारलं? कोण हाय त्यो, एवढंच. आत्या, चला. सोलापूरला जाऊ."

"मी गाडी काढतो."

"आमी जीपनं जातो."

बाहेर आल्यावर श्रीशैल म्हणाला, "संसार तरी वाचला."

योगीराजनं मागं पाहिलं. बलभीम रस्त्याच्या अलीकडं उभा होता. पलीकडं सासूला धरून ज्ञानेश्वरी जीपला हात दाखवत होती.

"वाचला का, बघ की," तो श्रीशैलला म्हणाला.