डेस ओकलीचा आकडा

डेस ओकली भट्टीघराच्या तळघरात, लोखंडी जिन्याच्या पायथ्याशी पालथा पडला होता. डोकं मागून फुटलेलं. शेजारी एक पहार. सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि वर शंभर भट्ट्या नेहमीसारख्या गुरगुरत होत्या. माणूस मेला म्हणून भट्टी थांबवता येत नाही. आतलं ॲल्युमिनियम थिजलं की भट्टीही कामातून जाते.

सार्जंट जोलीन मॅकव्हेने दारातल्या खोक्यात घड्याळ, फोन आणि बँकेचं कार्ड काढून ठेवलं आणि मगच ती आत शिरली. आत पाऊल टाकताच खिशातल्या किल्ल्या भट्ट्यांकडे ओढ घेऊ लागल्या. तिला त्याचं नवल वाटलं नाही. तिच्या बापाने याच भट्ट्यांसमोर तीस वर्षं काढली होती. ऑस्ट्रेलियातल्या या मरांडा पॉइंट गावात जो भट्टीवर नव्हता, तो भट्टीवाल्यांना पाव विकत होता.

डेस धूर मोजायचा. भट्टीत ॲल्युमिनियमची पांढरी कच्ची पूड कमी पडली की एक गॅस सुटतो, पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी वाईट. त्याचा महिन्याचा आकडा तो स्वतःच्या हाताने लिहायचा. आज त्याच्या पॅडवर कागद नव्हता. चिमट्यात फाटलेला कोपरा तेवढा अडकला होता.

पहिला संशय तेवितावर जाणार हे उघड होतं. कामगारांचा पुढारी, टोंगा बेटांवरून आलेला, दरवाज्याएवढा रुंद माणूस, डोळे लाल झालेले.

"काल तू डेसवर ओरडलास म्हणे?"

"ओरडलो. सगळ्यांनी ऐकलं, आता नाही कशाला म्हणू?"

"कशावरून?"

"त्याच्या आकड्यावरून. सरकारने धुराची मर्यादा दर वर्षी खाली आणायची ठरवलंय. आणू देत गं, मलाही नातवंडं आहेत. पण आपण मर्यादा ओलांडली की परदेशातले मालक टाळं लावायला टपलेलेच आहेत. नऊशे घरं, जोलीन! आणि लोक काय धातू वापरायचे थांबणार आहेत? दुसऱ्या देशात कोळसा जाळून वितळवतील. धूर तेवढाच, फक्त पत्ता बदलेल."

"डेस काय म्हणाला?"

"म्हणाला, खोटं लिहिणार नाही. असला हट्टी बुवा!" तेविताने बाहीने डोळे पुसले.

"साडेआठ ते नऊ कुठे होतास?"

"चौघांबरोबर धातू उपसत होतो. विचार त्यांना."

तिने विचारलं. चौघांनीही तेच सांगितलं.

कारखान्याचं ऑफिस भट्टीघरापासून चांगलं अर्धा किलोमीटर लांब होतं. दारातल्या बाकावर धुराचे आकडे तपासायला राजधानी कॅनबेराहून आलेले दोन सरकारी तपासनीस मांडीवर बॅगा घेऊन बसले होते. टेबलामागे ग्लेनिस धुमसत होती.

"साहेब आले का सकाळी?"

"आठला! मला दोन मिनिटं उशीर झाला तर घड्याळ नाकासमोर नाचवलं. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून दाखवलं वर. चार महिने झाले येऊन, एकाला 'काय रे, कसा आहेस' म्हटलं नाही. जा आत. अकराची वेळ दिलीय या लोकांना, आता पाच मिनिटं वर झाली तरी बसवून ठेवलंय."

रसेल हार्कनेस मेलबर्नहून आलेला मॅनेजर. खुर्चीत ताठ बसला होता.

"सकाळपासून कुठे होतात?"

"इथेच. फोनवर."

"भट्टीघरात गेला नाहीत?"

"आज काय, कधीच नाही. माझं काम कागदावरचं आहे, सार्जंट. हे आकडे जुळवतो म्हणून हे गाव जेवतं." त्याने मनगट वर केलं. "जरा आटपा. अकराला सरकारी माणसं येतील. अजून वीस मिनिटं आहेत."

जोलीन काही क्षण त्या घड्याळाकडे बघत राहिली. सेकंदकाटा झोकात टिकटिकत होता.

"छान आहे. सेलवर चालतं?"

"मागच्याच महिन्यात नवा सेल घातलाय. सेकंदाचा फरक पडत नाही."

"मग आज पंचवीस मिनिटांचा कसा पडला?"

हार्कनेसने भिंतीकडे पाहिलं. तिथे अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"भट्ट्यांत लाखो अँपिअर वीज खेळते," जोलीन शांतपणे म्हणाली. "तिच्यामुळे चुंबकाची ओढ इतकी जबर होते, की असल्या घड्याळाचे काटे आत जाताच अडतात. बाहेर आलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. म्हणून आमच्याकडचं शेंबडं पोरही घड्याळ बांधून आत जात नाही. तुम्ही कधी गेलाच नव्हतात, तुम्हाला कोण सांगणार? आठला हे घड्याळ बरोबर होतं, ग्लेनिस साक्षीला आहे. त्यानंतर पंचवीस मिनिटं ते भट्टीघरात होतं. तुमच्या मनगटावर."

"एवढ्यावर खून सिद्ध करणार?"

"छे. एवढ्यावर फक्त झडती."

बरोबरच्या शिपायाने त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. एक कोपरा नव्हता. जाळला असता तर बाहेर ग्लेनिसला वास आला असता.

"आकडा मर्यादेच्या दीडपट होता," हार्कनेसचा आवाज चिरकला. "हात जोडले मी त्याला. म्हटलं, हे एक वर्ष कमी दाखव. पाठ फिरवून जिना चढायला लागला. पहार हाताशी होती... मी वाचवलं या गावाला! कळतंय का तुम्हाला?"

जोलीनने कागद उलटला. मागे डेसचं तिरकं अक्षर होतं.

"मागची बाजू वाचलीत?"

त्याने मान हलवली. नाही.

"'चौदा भट्ट्यांमध्ये पूड सोडणाऱ्या नळ्या तुंबल्यात. गॅस त्यामुळेच वाढला. साफ केल्या तर तीन आठवड्यांत मर्यादेच्या आत येऊ. तपासनिसांना हेही दाखवणे. तेविताला सांगणे, काळजी नको.'"

शिपायाने हार्कनेसला बेड्या घालून बाहेर नेलं.

ग्लेनिस फोनवर हात ठेवून दारात उभी होती.

"मालकांचा फोन आहे. खुनाचं कळलंय त्यांना. विचारतायत, भट्ट्या थंड करायला किती दिवस लागतील?"

जोलीनने फोन घेतला. "पोलीस बोलतेय. एकही भट्टी थंड करायची नाही. सगळं भट्टीघर पुराव्यात धरलंय."

असा कुठलाही कायदा तिला माहीत नव्हता.

"पण किती दिवस?" पलीकडून विचारणा झाली.

"तीन आठवडे," जोलीन म्हणाली आणि डेसचा कागद उचलून तेविताला बोलवायला तिने ग्लेनिसला खूण केली.