शांत विभाग

डॉ. ऊर्मिला देवधर शाळेच्या फाटकापाशी क्षणभर थांबल्या. समोरच्या शेडमध्ये सगळे यंत्रमाग चालू होते, तरी गल्लीत चिमण्यांची चिवचिव ऐकू येत होती. सोलापूरच्या या पेठेत पूर्वी शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. मग ऊर्मिलाबाईंनी शोधलेले नादशोषक पत्रे शेडना बसले. आवाजाची लहर आली, की हे पत्रे तिच्या अगदी उलट लहर सोडून तिला जागीच विझवत. शिक्षकांचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत पोचू लागलं आणि शाळेचा निकाल असा काही सुधारला, की सरकारी साहेबांना कोण आनंद! आता राज्यभरातल्या गोंगाटाच्या वस्त्यांना पत्रे बसणार होते. त्या योजनेवर फक्त ऊर्मिलाबाईंची सही बाकी होती.

सहीआधी त्यांना श्रावणी बोल्लीला भेटायचं होतं. माग चालवणाऱ्याची ही मुलगी आधी अक्षरांना घाबरायची. पत्रे बसले आणि काही महिन्यांतच ती हातात येईल ते पुस्तक वाचू लागली. ऊर्मिलाबाईंचा भारी जीव तिच्यावर.

सातवीच्या वर्गात त्यांनी एक प्रश्न विचारला. मुलांनी हळू आवाजात, नीट उत्तरं दिली. ऊर्मिलाबाई चमकल्या. इथली पोरं तर शांततेतही ओरडूनच बोलायची. जन्माची सवय ती, अशी जाते थोडीच!

"गड्डमबाई, ही मुलं कुठली?" त्यांनी मुख्याध्यापिकांना विचारलं.

"नवीन आहेत, मॅडम. आपली गेली."

"गेली म्हणजे?"

"सरकारनं पेठेला शांत विभागाचा दर्जा दिला की. शांत जागा म्हणून पैसेवाले राहायला आले, घरभाडी वाढली. मागवाल्यांना परवडंना. कामाला येतात इथं, पण राहायला गेले सगळे गावाबाहेरच्या नव्या शेडांकडं. तिथं पत्रे नाहीत. श्रावणी पण तिथंच."

ऊर्मिलाबाईंना आता सगळं कळलं. निकाल सुधारला नव्हता, मुलंच बदलली होती. आणि त्याच निकालावर त्या गावोगाव सत्कार घेत फिरल्या होत्या! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"वाचते का ती अजून?"

"परवा बाजारात भेटली. वर्गात काही ऐकूच येत नाही म्हणाली. पुस्तक सुटलंय तिचं."

"मग आधी तिच्याच वस्तीत पत्रे बसवते. याच महिन्यात!"



"बसवा की, मॅडम. पण मग तिथनं पोरीनं कुठं जायचं?"