भुलीत दिसणारा माणूस

"पोरी, भूल आपण डोळ्याला देतो, नजरेला नाही." मिरजेला शिकताना म्हातारे सर म्हणायचे. तो खर्जातला आवाज गार्गीच्या कानात कायमचा वस्तीला आला होता.

सिंगापूरच्या इस्पितळात ती डोळ्यांच्या ऑपरेशनला भूल देई. २०१५ साली तिथे एक प्रयोग चालू होता. डोळ्यामागे टोचायच्या नेहमीच्या भुलीत आणखी एका औषधाचे थेंब मिसळायचे. डोळा झटकन बधिर होई, बधिरपणा जास्त टिके, आणि माणूस जागा असून पाळण्यातल्या बाळासारखा निवांत पडून राही.

पूर्वी पेशंट सांगत, पाण्याखालून दिसावा तसा अंधुक उजेड दिसतो. आता आंग मो किओ भागातले लिम अंकल म्हणाले, "डॉक्टर, पांढऱ्या बुशशर्टातला तो कोण? काखेत छत्री आहे."

पुढच्या आठवड्यात एका मलाय शिक्षिकेलाही तोच दिसला. जरा जवळ. काहीतरी विचारतो म्हणे. कानावर पडलं ते तिने न कळताच जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ते चक्क मराठी होतं.

"माझं नाव काय?"

घरी सौमित्र हसला. "बायको, भुताला इथे नोकरी करायचा एम्प्लॉयमेंट पास मिळाला की काय?"

गार्गीही हसली. पण त्यानंतर ती प्रत्येक पेशंटच्या कानाशी वाकून विचारू लागली, कुठवर आलाय?

मग क्वीन्सटाउनच्या साधनाकाकू आल्या. एक डोळा काचबिंदूने कधीच गेलेला. उरल्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये मान हलली, तर तोही जायचा. नव्या औषधाला त्यांनी आपणहून होकार दिला.

भूल चढेपर्यंत गार्गीने त्यांना बोलतं ठेवलं. "काकू, काकांचं नाव?"

"नाव कसलं विचारतेस. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणायची सासू. पासपोर्टवाल्यालासुद्धा मी लिहून दिलं." मग हळूच म्हणाल्या, "जुरोंग आयलंडच्या कारखान्याला जाणारी कंपनीची बस गाठायला गेले एका सकाळी. बसमध्ये चढले नाहीत नि घरीही आले नाहीत. मी मागून धावले होते, नुसतं 'अहो, अहो' करत. रस्त्यावर 'अहो' म्हटल्यावर कोण वळतं?"

ऑपरेशन सुरू झालं. सर्जनचं हत्यार डोळ्यात होतं.

"आलेत," काकू म्हणाल्या. "काखेत छत्री."

गार्गीने त्यांना काही सांगितलं नव्हतं.

"हलू नका, काकू."

"विचारतायत गं."

मान वळू लागली. गार्गीने दोन्ही तळव्यांनी धरली. तरी वळतच होती.

"डोकं धरा," सर्जन म्हणाला.

"सांगून टाका, काकू. त्यांना हवंय ते."

काकू आधी नुसतं 'अहो' म्हणाल्या. मग सगळ्या जन्माचं अडलेलं बाहेर आलं.

"निशिकांत."

मान सैल पडली. भिंग अलगद जागेवर बसलं. डोळा वाचला.

पडद्यापलीकडे पुढचा पेशंट भूल देऊन तयार ठेवला होता. मराठीचा गंध नसलेले एक चिनी आजोबा.

त्या नावाला त्यांनी शांतपणे ओ दिली.