धारवाल्याची शिट्टी

"आजपासून मोंतेविदेओतली गुन्हेगारी संपली!" लेव्होन तेर्झियानने खिळ्यावर शेवटचा हातोडा मारला आणि मागे सरून पाटीकडे पाहिलं. 'तेर्झियान गुप्तहेर संस्था'. संस्थापक तोच, संचालक तोच, झाडूवालाही तोच.

"संपली खरी," न्हावी वॉशिंग्टन ओलिवेरा म्हणाला, "पण ते संडासाचं दार आहे."

इलाज नव्हता. सलूनच्या मागे रिकामी जागा तेवढीच होती. आर्मेनियाहून आलेल्या माणसाला याहून बरं दार कोण देणार? वॉशिंग्टनने हे दिलं, कारण त्याला रहस्यांची आवड होती आणि त्यातलं एकही स्वतःला उलगडत नाही याचं दुःख नव्हतं.

तेव्हा ट्रॅम चालत होत्या. बोटीतून उतरलेला माणूस आठवड्याभरात मालक व्हायचा. एका सुईचा, एका कढईचा, नाहीतर एका चाकाचा. नोकर ठेवायची ऐपत नसे, त्यामुळे नोकरांचा त्रासही नसे.

असाच एक मालक दुपारी दोनला धापा टाकत आला. आधी त्याने पाटीच्या दारावर टकटक केली आणि आत कुणी आहे का विचारलं.

"आत कुणी नाही, संस्था इकडे आहे," लेव्होन खुर्चीतून म्हणाला. "बोल."

पोरगेला अमारो कोउतो समुद्रापलीकडच्या गालिसियाचा. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा.

"माझी शिट्टी चोरीला गेली, साहेब. बाराला आमच्या चाळीच्या चौकात एकदा फुंकून पाहिली. मग धारेच्या चाकाला अडकवून जेवायला बसलो. आलो तर गायब!"

"दुसरी घे की," वॉशिंग्टन म्हणाला.

"आजोबांची होती. लाकडी, वर घोड्याचं डोकं कोरलेलं. उद्या माझी पहिली फेरी. चाक भाड्याचं आहे. रविवारपर्यंत जम बसला नाही तर चाक परत जाणार आणि त्याच्यामागून बोटीने मी."

"तोंडाने आरोळी ठोक," वॉशिंग्टनने सुचवलं.

"माझा गालिसियन हेल ऐकला की लोक आधी हसतात, मग दार लावतात. शिट्टीला हेल नसतो, मास्तर."

लेव्होनने डोळे मिटले. "गावाकडे आजोबांनी शिट्टी फुंकली की काय व्हायचं?"

"बायका हातातलं काम टाकून मागच्या अंगणात पळायच्या."

"सुऱ्या आणायला," वॉशिंग्टनने खुलासा केला.

लेव्होनने त्याच्याकडे बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहावं तसं पाहिलं आणि टोपी उचलली.

बाहेर ऊन रणरणत होतं. तीन आठवडे आभाळात ढगाची चिंधीसुद्धा नव्हती.

चाळीचा मालक जेन्नारोकाका, मूळचा नापोलीचा, चौकात पोटावर हात ठेवून पडला होता. "माझी झोप मोडली त्या शिट्टीने! मीच चोरली असती, पण त्यासाठी उठावं लागलं असतं."

पुढच्या बाजूला नेल्सनचं लोखंडी सामानाचं दुकान. "जुन्या सुऱ्यांना धार लागली तर माझ्या नव्या कोण घेणार?" तो म्हणाला आणि ओशाळला. "पण शिट्टी ऐकली आणि मीच कात्री घेऊन बाहेर पळालो. लहानपणची सवय, काय करता!"

चौकाला लागून बाल्बिनामावशीची खोली. ती एकटीच हॉटेलांचे कपडे धुवायची. खोलीभर दोऱ्या बांधून चादरी टांगल्या होत्या. वाकून आत शिरताना वॉशिंग्टनची बाही भिजली.

"मी बाई इथलीच, बंदरापाशी जन्मले," मावशी म्हणाली. "शिट्टीबिट्टी मला काय कळतं? मी तेव्हा बाहेरचे कपडे आत घेत होते."

"वाळले होते?" लेव्होनने विचारलं.

"वाळतायत की!" मावशी खळ ढवळू लागली.

लेव्होनने सगळ्यांना चौकात बोलावलं. पुरावा म्हणून चादरी पुन्हा बाहेरच्या दोऱ्यांवर घालायला वॉशिंग्टनला लावलं. वॉशिंग्टनला आपण न्हावी आहोत याची आठवण झाली, पण तोवर अर्ध्या चादरी घालून झाल्या होत्या.

"शिट्टी तिघांनी ऐकली," लेव्होन म्हणाला. "एकाची झोप मोडली. एकाने कात्री आणली. तिसरीने काय केलं? डोक्यावर ऊन असताना चिंब चादरी आत नेल्या. का?"

वॉशिंग्टन भिजलेली बाही पिळू लागला.

"सुऱ्या स्वयंपाकघरात असतात, वॉशिंग्टन. मागच्या अंगणात काय असतं?"

"कोंबड्या?"

"वाळत घातलेले कपडे! अमारो, तुमच्या बायका तिकडे का पळायच्या?"

"पाऊस येणार म्हणून," अमारो गोंधळून म्हणाला. "धारवाल्याच्या शिट्टीने पाऊस येतो. सगळ्यांनाच ठाऊक आहे ते."

"इथे कुणालाच ठाऊक नाही. तुमच्याकडच्या माणसाशिवाय."

बाल्बिनामावशीने खोलीतून खळीचा डबा आणला आणि ती उपड्या टबावर बसली. तिने डब्यातून शिट्टी काढली आणि पदराला पुसावी तशी एप्रनला पुसली.

"चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "आल्या आल्या लोक इतके हसले की हेल घासून घासून काढला, डाग काढावा तसा. आज ही वाजली आणि हात आपोआप दोरीकडे गेले. हा रोज फुंकणार, मी रोज ओले कपडे आत नेणार. धंदाही बुडेल आणि सोंगही. मग उचलली."

अमारो तिच्यासमोर बसला. "कुठल्या गावच्या, मावशी?"

"नदीपलीकडची."

"तिकडे आजोबा सोमवारी जायचे."

"माहितीये. आई म्हणायची, मेल्याला नेमका धुण्याचाच वार सापडतो!" मावशी हसली. मग डोळे पुसले. "सुरावरूनच ओळखली रे. फुंक बाबा. बघू दे एकदा."

अमारोने शिट्टी फुंकली. सूर खालून वर चढला आणि घसरत खाली आला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "ए धारवाल्या, थांब!" कात्र्या, सुऱ्या, एक विळासुद्धा बाहेर आला. मावशीने दोन्ही हात एप्रनमध्ये घट्ट धरून ठेवले होते.

लेव्होनने टोपी काढून छातीशी धरली. "मित्रहो, अंधश्रद्धेच्या काळोखात मानवी बुद्धीचा दिवा—"

मावशी उठून दोरीकडे धावली. आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं.

"भाषण मागाहून दे रे!" ती ओरडली, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी, थेट नदीपलीकडच्या हेलात. "आधी या चादरीचं ते टोक धर."