सौजन्य : पाचपैकी एक

हडपसरच्या नागरी सुविधा केंद्रात सेहेचाळीस नंबरचं टोकन घेऊन कादंबरी बसली होती, आणि सत्तेचाळीसवाला नेमका तिच्या शेजारी येऊन टेकला. बाहेर परतीच्या पावसाची भुरभुर चालली होती. त्याच्या चष्म्यावर थेंब होते आणि ते पुसायला त्याच्या अंगावर कोरडं असं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने रुमाल पुढे केला. तेवढ्यावर बोलणं सुरू झालं.

किती वेळ बसलात, घरून अर्ज भरून पाहिला होता का, साइट चालली का... ती सहज विचारल्यासारखं विचारत होती आणि तो मनापासून सांगत होता. मग तोही विचारू लागला. आणि विचारता विचारता म्हणाला, "या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात? खूप, थोडे... की मुळीच नाही?"

कादंबरीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. चारचौघांत कुणी असं बोलत नाही.

"हा प्रश्न क्रमांक नऊ आहे," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लिहिलाय तो."

दोघंही कर्वेनगरमधल्या एकाच संस्थेचे निघाले. राज्य सरकारचा कारभार कसा चालतो, दाखले, परवाने, तक्रारी या ऑनलाइन सेवा माणसांपर्यंत धड पोचतात का, हे साधे नागरिक बनून तपासायचं आणि गुण द्यायचे, हे या संस्थेचं काम. केयूर त्याच सोमवारी रुजू झाला होता आणि त्या केंद्रावर कादंबरी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तोवर दोघांनी एकमेकांना समाधानी नागरिक म्हणून नोंदवूनही टाकलं होतं. संस्थेच्या प्रमुख वासंतीबाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "राज्यात दोन समाधानी नागरिक सापडले," त्या म्हणाल्या, "तेही आपलेच पगारी."

त्यानंतर दोघांना एकाच कामावर बसवलं गेलं. दाखल्यांच्या हेल्पलाइनवर केयूरने वेगवेगळ्या नावांनी फोन करायचे आणि पलीकडच्या माणसाला गुण द्यायचे. कादंबरीने नंतर ते रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकून स्वतंत्रपणे गुण द्यायचे. अचूकता पाचपैकी, वेग पाचपैकी, सौजन्य पाचपैकी. दोघांच्या गुणांत दोनहून जास्त फरक पडला, तर शुक्रवारी समोरासमोर बसून एकमत करायचं.

फरक पुष्कळ पडायचा, कारण कादंबरीचा हात आखडता होता. केयूर चहाचे दोन कप घेऊन यायचा, खिडकीजवळची खुर्ची तिच्यासाठी ओढून ठेवायचा आणि एकेका गुणासाठी तिच्याशी घासाघीस करायचा. तिसऱ्या शुक्रवारी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तो हसायचा तेही तिला पाठ झालं होतं. आधी नाकातून फुस्स, मग ओठ घट्ट दाबून धरायचे, आणि मग हरल्यासारखं मोकळं. हे हसू आपल्याचसाठी आहे, असं तिने मनोमन ठरवून टाकलं होतं. कुणाला न विचारता माणूस अशा गोष्टी ठरवतो आणि मग पस्तावतो.

कारण मग श्रद्धा आली. आली म्हणजे फोनवर. "नमस्कार, मी श्रद्धा, आपली काय मदत करू?" आवाज असा, की उत्पन्नाचा दाखला नाकारला तरी माणसाने वर आभार मानावेत. एकदा आली, ठीक. पण त्या हेल्पलाइनवर साठ जण बसत होते, आणि केयूरच्या नऊ फोनांपैकी चार तिने उचलले होते. कादंबरीने कागदावर गणित करून पाहिलं. निव्वळ योगायोगाने हे जमणं कठीण होतं. मग तिने फोनांच्या वेळा पाहिल्या. चारही दुपारी तीनचे.

तिच्या पोटात दुखू लागलं. हे दुखणं कुठलं ते तिला पुरतं ठाऊक होतं, पण कबूल कोण करतो... तिने दुपारच्या डब्याला दोष दिला.

सोमवारी जी फाइल तिच्याकडे आली ती अकरा मिनिटांची होती. असा फोन तीन मिनिटांत संपतो. केयूर 'माधव' बनून नाकारलेल्या अर्जाबद्दल विचारत होता. श्रद्धाने शांतपणे एकेक कागद वाचायला लावला आणि वडिलांचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलंय, ही चूक शोधून काढली. इथवर ठीक होतं. सहाव्या मिनिटाला मात्र ती म्हणाली, "एक विचारू? मागच्या मंगळवारी आपण आनंद होतात. आज माधव आहात."

आणि केयूर हसला. नाकातून फुस्स, मग शांतता, आणि मग मोकळं.

कादंबरीने हेडफोन काढून टेबलावर आपटले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिचं हसू त्याने तिकडे देऊन टाकलं होतं, तेही सरकारी हेल्पलाइनवर, टोल-फ्री. तिने फॉर्म पुढे ओढला. अचूकता, एक. वेग, एक. सौजन्य... तिथे तिचा हात जरासा थबकला. एक. फाइल केयूरकडे पाठवून दिली आणि पुढच्या कामाला लागली, म्हणजे लागल्यासारखं दाखवलं.

मंगळवारपासून केयूर गप्प झाला. चहा आणेना, खुर्ची ओढेना. कादंबरीने तिरक्या डोळ्याने पाहावं तर तो खिडकीबाहेर पाहत असायचा, चेहरा उतरलेला. झुरतोय, ती मनाशी म्हणाली. झुरू दे. आणि मग बसस्टॉपवर उभ्या उभ्या तिचेच डोळे भरून आले. तो आपल्याला हवा आहे, फार हवा आहे, आणि एक आवाज त्याला घेऊन चाललाय, हे तिने तिथे पहिल्यांदा स्वतःशी सरळ म्हटलं.

गुरुवारी वासंतीबाईंनी जाता जाता सांगितलं, की हेल्पलाइनवाल्यांना हे गुण नावानिशी जाणार आहेत आणि तीनच्या खाली गेलेल्यांचं कंत्राट पुढे वाढायचं नाही. कादंबरीला रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी दोघं समोरासमोर बसले. टेबलावर चहा नव्हता. त्याचे तिन्ही रकान्यांत पाच, तिचे एक.

"श्रद्धाचे गुण कापू नकोस," केयूर म्हणाला. "राग माझ्यावर आहे ना? मग तिच्यावर कशाला काढतेस?"

"बरीच काळजी आहे तिची. तीन वाजता आठवणीने फोन लावतोस ते दिसतंच."

"तीनला लावतो, कारण तू तेव्हा वासंतीबाईंकडे मीटिंगला असतेस. तिकडे तेव्हा जेवणाची सुट्टी असते, फोनवर तीन-चारच जण उरतात. तू समोर असलीस की माझं नाव माधव आहे हेच मी विसरतो."

तो टेबलाकडे पाहत बोलत राहिला. "तिने तिचं काम केलं. बोललो मी. शेवटची दोन मिनिटं तुला आवडली नाहीत, ते समजलं मला. तोंडाने सांगितलं असतंस तरी चाललं असतं... सौजन्य एक लिहून नको होतं सांगायला."

"शेवटची कुठली दोन मिनिटं?"

त्याने मान वर केली. "तू ऐकली नाहीस?"

या संस्थेत अर्धवट ऐकून गुण देण्याइतकं मोठं पाप दुसरं नव्हतं, आणि त्यावरून कादंबरीने आजवर केयूरच्या देखत इतरांना तीनदा झापलं होतं. ती हेडफोन लावून बसली. अकरापैकी नववं मिनिट संपत होतं.

"हे फोन नंतर कुणी ऐकतं का हो?" श्रद्धा विचारत होती. "ऐकत असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा."

"सांगतो. पण त्या फार कडक आहेत. रोज चहा पाजतो, तरी गुण वाढत नाहीत."

"कुणाचे? आमचे, की तुमचे?"

मग केयूरचा आवाज, कधी नव्हे इतका हळू. "माझे. समोर असली की मला बोलता येत नाही. पण हे ती ऐकेल, शेवटपर्यंत ऐकते ती... कादंबरी, तू मला फार आवडतेस. घाई नाही. तुला जमेल तसं कळव."

"माफ करा," श्रद्धा म्हणाली, आणि तिचंही हसू आवरत नव्हतं, "या तक्रारीचं निवारण आमच्या हेल्पलाइनवर होत नाही. आपला दिवस शुभ असो."

कादंबरीने हेडफोन सावकाश काढले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. या माणसाने मन मोकळं केलं, आणि पाच दिवस तो पाचपैकी एक हे उत्तर उराशी घेऊन बसला होता. आता वाट्टेल ते कारण सांगून सुटता आलं असतं. पण मग श्रद्धाचं कंत्राट गेलं असतं, आणि हाही.

"मी सहाव्या मिनिटाला बंद केलं," ती म्हणाली.

"का?"

"तू हसलास म्हणून. तसं तू फक्त माझ्याशी हसतोस असं वाटत होतं मला. जळफळाट झाला माझा, केयूर. डोकंच फिरलं. त्या मुलीचं काहीही चुकलं नव्हतं."

तिने तिन्ही एक खोडले, पाच केले, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पूर्ण ऐकलं नव्हतं. आता ऐकलं.' खाली सही केली. वासंतीबाई हे वाचणार होत्या आणि पुढचा महिनाभर टोमणे मारणार होत्या. मारू देत.

केयूर त्या ओळीकडे बघत राहिला. "आणि... ऐकून?"

"हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो. मलाही तू आवडतोस, हडपसरपासून." तिने फॉर्म त्याच्याकडे सरकवला, पण वरचा हात काढला नाही, आणि त्यानेही आपला हात हलकेच त्यावर ठेवला. "फक्त यापुढे तीन वाजता फोन मी करणार."

"अगं, ती विचारेल, माधव कुठे गेले?"

"विचारू दे," कादंबरी म्हणाली. "माझ्याकडे आहेत म्हणून सांगेन."