राधाच्या नावाचा दिवा

अधिक महिना आला की सुलक्षणा नक्त धरायची. दिवसभर पाण्यावर राहायचं, दिवस मावळला की देवापुढे तुपाचा दिवा लावायचा, आणि मगच पहिला घास. लग्न होऊन दहिसरला नदीकाठच्या चाळीत आली तेव्हापासून तिने एकही अधिक महिना चुकवला नव्हता. त्याचा गाजावाजाही केला नव्हता. मोठ्याने बोलणं तिला जमायचंच नाही. भाजीवालीशी घासाघीससुद्धा ती पुटपुटल्यासारखी करायची.

या वर्षी तिच्या धाकट्या जावेने, राधाने, पहिल्यांदाच हे व्रत धरलं. राधा आणि सुबोध नदीपलीकडच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहायचे. आठवडाभर राधाने नेमाने दिवा लावला, रोज त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, आणि मग सुबोधने क्रूझ ठरवली. कोपनहेगनहून निघायचं, स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन करत परत यायचं.

"ताई, वाट लागली गं माझी," राधा किल्ली नाचवतच आली. "तिथे म्हणे रात्री साडेदहापर्यंत लख्ख ऊन. मावळायची वाट बघत बसले तर जेवणघरच बंद व्हायचं! सुबोध म्हणतो, एवढा बुफे काय नैवेद्य दाखवून परत करायचा?"

"मग सोड व्रत," सुलक्षणा हळूच म्हणाली.

"असं कसं सोडू? अर्धवट टाकू नये म्हणून तूच तर बजावलंस. मी गुरुजींना विचारलं ना. घरातल्या बाईने प्रतिनिधी म्हणून चालवलं तर चालतं. दिवा माझ्याच देव्हाऱ्यात, मावळतीनंतरच, आणि पाणी सोडताना नाव माझं घ्यायचं. ज्याचं नाव, त्याला फळ. तुझा उपास आहेच गं, एकात दोन होऊन जाईल. तुला चॉकलेट आणते, झकास!"

सुलक्षणाने किल्ली घेतली. 'एकात दोन' हे शब्द मात्र तिला काट्यासारखे सलत राहिले. याच धाकट्या दिराला, सुबोधला, तिने शाळेचे डबे दिले होते, तापात रात्र रात्र पाय चेपले होते. इतकी वर्षं पोट मारून देवाकडे तिने काय मागितलं? काहीच नाही. आणि हिने आठवडाभर वाती लावल्या तर देवाने जहाज पाठवलं! वर उपाशी राहायचं सुलक्षणाने, पुण्य जायचं राधाच्या खात्यात.

पहिल्या संध्याकाळी ती राधाच्या घरी गेली. पश्चिमेकडे खाडीवर सूर्य बुडाला, चेकनाक्याचे दिवे लागले. तिने वात पेटवली, उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतलं. ओठांवर राधाचं नाव आणलंही होतं. पण भिंतीवरच्या आरशात तिला स्वतःचा सुकलेला चेहरा दिसला आणि ताम्हणात पाणी सोडताना ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "सुलक्षणा."

बरं वाटलं तिला. खरोखरच बरं वाटलं.

डोळे उघडून पाहते तर खिडकीबाहेर काळोख दाटला होता, पण खोलीत उजेड होता. दिव्याचा नव्हे. भिंतीवर फिकट, लिंबाच्या सालीसारखं ऊन पडलं होतं आणि त्यात तिची लांबच लांब सावली. समोरच्या टॉवरच्या काचांवरून आलं असेल, असं म्हणत तिने दाराला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशीही तिने स्वतःचंच नाव घेतलं. आज उजेड जास्त वेळ टिकला, आणि फरशी गार पडली. पंखा बंद होता. खोलीत ओल्या दोरखंडाचा, डांबराचा आणि ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास भरला होता. सुलक्षणाने पदर अंगाभोवती घेतला आणि खिडकीशी उभी राहिली. खाली दहिसर नव्हतं असं नाही. होतं. पण त्याच्यावर, पाण्यावर तेलाचा तवंग दिसावा तशी, खडकाळ बेटं तरंगत होती. बेटांवर लाल लाकडी घरं. एका घराच्या ओट्यावर कुणीतरी चादर झटकत होतं.

घरी पोचली तेव्हा दत्ताराम ताट मांडून बसला होता. "खंय होतंस गो इतको वेळ?"

"दिव्यापाशी बसले जरा."

"हात बघ किती गार पडलेत तुझे. थंडीतून इलंस काय?"

ती हसली. नवऱ्यापासून लपवण्यासारखं तिच्याजवळ आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी होतं.

चौथ्या दिवशी, दिवा लावून ती खिडकीशी बसलेली असताना, राधाचा व्हिडिओ कॉल आला. ती डेकवर उभी होती. मागे पाणी चकाकत होतं, लोक उघड्या अंगाने उन्हात पडले होते. आणि राधाच्या हातात टॉर्च होता. पेटवलेला.

"ताई, ऐक ना. इथे दुपार आहे म्हणतात सगळे. मला मध्येच अंधारून येतं गं. रोज थोडं जास्त. जहाजातला डॉक्टर म्हणतो, डोळे एकदम चांगले आहेत."

"प्रवासाचा शीण असेल."

"शीण नाही गं. मला चांदण्या दिसतात." राधा टॉर्च चेहऱ्याजवळ नेऊन थांबली. "तू दिवा लावतेस ना? माझ्याच नावाने ना?"

सुलक्षणाच्या मागे भिंतभर ऊन होतं. ते दिसू नये म्हणून तिने फोन किंचित वळवला.

"हो गं. तुझ्याच नावाने."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. पाप कळत होतं. उद्या राधाचं नाव घ्यायचं, असं तिने देवाची शपथ घेऊन ठरवलं. पण उद्या आला तेव्हा त्या फिकट उजेडात एक गाव दिसलं, टोकदार मनोऱ्यांचं, दगडी गल्ल्यांचं. एका दुकानाबाहेर खुर्ची ठेवली होती. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. ती खुर्ची आपल्यासाठी आहे, हे सुलक्षणाला उगीचच पटलं. राधाचं नाव घेतलं की हे सगळं राधाचं. एवढा एकच दिवस, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली.

मग एका पहाटे सुबोधचा फोन आला. आवाज फाटला होता. "वहिनी, आम्ही निघालोय परत. राधाला काहीच दिसत नाही. भर उन्हात दिवे लावा म्हणते. हात धरून चालवतोय तिला."

अधिक महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. आजचा दिवा, आणि व्रत संपलं. यानंतर नाव घ्यायला संध्याकाळ उरली नव्हती.

ऊन कलताच सुलक्षणा धावत पूल ओलांडून गेली. निरांजन घासलं, तूप घातलं, वात भिजवली. खुर्ची, गल्ली, बेटं, काही नको होतं तिला. आज राधाचं नाव. फक्त राधाचं.

तळहातावर पाणी घेऊन ती मावळायची वाट बघत बसली.

सूर्य खाडीपर्यंत उतरला. पाण्याला टेकला.

तिथेच थांबला.

ती थांबली. मावळतीआधी लावलेला दिवा चालत नाही. हात भरून आला, तरी तिने पाणी सांडू दिलं नाही.

सूर्य पाण्याच्या कडेकडेने, न बुडता, उजवीकडे सरकू लागला.

कुलपात किल्ली फिरली. दाराशी दत्ताराम होता. राधाच्या घराची, चाळीत ठेवलेली दुसरी किल्ली त्याच्या हातात होती.

"अगो, काळोखात काय करतंस?" तो चाचपडत आत आला. "जेवची वेळ टळली कधीच. सुबोधचा विमान पण उतरला असात."

"काळोख कुठे? मावळला नाही अजून."

"काय मावळूक नाय?"

"मावळला की सांगा मला," ती अगदी हळू म्हणाली. "दिवा लावायचाय. राधाच्या नावाचा."

दत्तारामने भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब फडफडून लागली. सुलक्षणाने वर पाहिलंसुद्धा नाही. तिच्याकडे बघता बघता त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने बटण पुन्हा बंद केलं.

खोली मिट्ट काळी झाली. खाली चेकनाक्यावर गाड्यांचे दिवे सरकत होते.

त्या काळोखात त्याच्या बायकोचा चेहरा दिसत होता. पुरा नव्हे. खिडकीकडचा एक गाल तेवढा, उन्हात.