चौथं बोट

"वेळ बरोबर दाखवतं. फक्त शेवटी एक टोला जास्त देतं," मादाम बेर्ने म्हणाल्या आणि रुमालात गुंडाळलेलं खिशातलं घड्याळ त्यांनी ऑदिलच्या टेबलावर ठेवलं.

फेब्रुवारीतली सकाळ. तळं गोठलेलं, आणि ल सांतिये गावातल्या त्या घड्याळांच्या वर्कशॉपमध्ये खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. ऑदिल रोशा तेवीस वर्षं याच खिडकीशी बसत होती. वेळ दाखवण्यापलीकडे घड्याळ जे जे करतं, तारीख, चंद्राच्या कला, टोले, त्याला तिथल्या डोंगरखोऱ्यातले कारागीर 'गुंतागुंत' म्हणतात. आणि कुणाला न उलगडणारी गुंतागुंत शेवटी ऑदिलकडेच यायची.

"यजमान होते तोवर मला हात लावू देत नव्हते," मादाम सांगू लागल्या. त्या तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, ल पाँला राहत. "ऑक्टोबरात ते गेले. आता एकटीच असते, तेव्हा रोज कॉफी झाली की खटका ओढते. तास वाजतात, पाव तास वाजतात, मिनिटं वाजतात. मग अगदी शेवटी एक जाडा टोला. नाताळ झाला आणि दोन पडायला लागले."

"ठेवून जा. गुरुवारी या," ऑदिल म्हणाली.

त्या गेल्यावर तिने तबकडी उतरवली. टोल्यांचं तंत्र तिला तोंडपाठ होतं. खटका ओढला की पोलादी बोटं खाली येतात आणि पायऱ्या कापलेल्या चकत्यांवर टेकतात. बोट जितकं खोल जाईल तितके टोले. तासांचं एक, पाव तासांचं एक, मिनिटांचं एक.

इथे चौथं बोट होतं. त्याच्याखाली चकतीच नव्हती. नुसती पोकळी.

तिने खटका ओढला. चौथं बोट पोकळीत उतरलं आणि मध्येच थांबलं, कशावर तरी टेकावं तसं. एक जाडा टोला पडला. पुन्हा ओढून तिने सिगारेटचा पातळ कागद त्या बोटाखालून सरकवला. कागद सरळ आरपार गेला.

ती टेबलावर आणखी वाकली. असलं काही तिने कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तिचा भागीदार बास्तियां बूट झटकत आत आला. तिने पुन्हा खटका ओढला. दोन टोले.

"बास्तियां! बाहेर जा!"

"अगं, आत्ताच तर आलो. बर्फ पडतंय!"

"जा म्हणते ना!"

एक टोला. "ये आता!" दोन. पोस्टमन आला, तीन. त्याचं कुत्रं मात्र मोजलं गेलं नाही. पोस्टमनला त्यांनी चार वेळा आतबाहेर करायला लावलं, तेव्हा तो म्हणाला, "तुम्हा दोघांना थंडी बाधलीय," आणि निघून गेला. दोघं शाळकरी पोरांसारखी हसत सुटली.

"माणसं मोजतंय रे हे!"

"कशाने पण?"

"तेच तर शोधायचंय! बोटाला खाली काहीतरी लागतंय."

दोन दिवस तिने एकेक चाक काढलं, पुसलं, कागदावर रेखाटलं. जेवणाची शुद्ध नव्हती. ताटलीतलं चीज सुकून गेलं. बुधवारी तिने घड्याळ जोडलं. टोले अचूक.

"म्हणजे बिघडलेलं नाहीच," बास्तियां म्हणाला. मग घड्याळाकडे बघत, "पण मादाम तर एकट्या राहतात ना?"

ऑदिलची पेन्सिल थबकली. "तिकडे काहीतरी चुकत असेल," ती म्हणाली.

गुरुवारी मादाम बेर्ने आल्या. कोटावरचं बर्फ झटकून खुर्चीत बसल्या. खोलीत तिघं होती. ऑदिलने मोठ्या उत्साहाने खटका ओढला.

तास. पाव तास. मिनिटं. मग एक, दोन, तीन.

चार.

"बघा! इथे तर चार पडले!" मादाम म्हणाल्या.

बास्तियांने उठून दार उघडलं. बोळात कुणी नव्हतं. ऑदिलने पुन्हा ओढला.

चार.

"आणखी दोन दिवस ठेवा, मादाम."

"नको हो. त्याच्याशिवाय सकाळ जात नाही." त्यांनी घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि अकराची गाडी पकडायला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला.

"आज एकच टोला! एकच!" मादामचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "तीनदा ओढून पाहिलं. काय केलंत तरी काय?"

ऑदिलने घड्याळ पुसलं होतं आणि तेलाचे तीन थेंब सोडले होते. दुसरं काहीही नाही.

"आणि घरही कसं हलकं वाटतंय बघा. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं."

"बरं झालं, मादाम," ऑदिल म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

म्हणजे काल मादाम इथून एकट्याच परत गेल्या होत्या. बास्तियां यायला अजून अर्धा तास होता. ऑदिलने टेबलावरचा दिवा जवळ ओढला. खुर्ची मात्र तिने मागे वळवली नाही.